विश्वातलं नवं द्रव्य आणि ऊर्जा अक्षय्यतेचा नियम: स्थिर स्थिती सिद्धांत नेमका कशामुळे मागे पडला?

मृगशीर्ष

स्थिर स्थिती सिद्धांताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "त्यात शून्यातून द्रव्य निर्माण व्हायचं, म्हणजे ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडायचा, म्हणून तो बाद झाला." मला हे पटत नाही. तो सिद्धांत चुकीचा ठरला हे मान्य आहे, पण या कारणाने नाही. उलट जो सिद्धांत जिंकला, म्हणजे महास्फोट सिद्धांत, त्याच्यात एकूण ऊर्जेचा हिशेब जास्त सैल आहे. हे जरा सविस्तर मांडतो.

1948 मध्ये हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉईल यांनी म्हटलं की विश्व प्रसरण पावतंय हे खरं, पण ते कुठल्याही काळात पाहिलं तरी ढोबळमानाने सारखंच दिसायला हवं. दीर्घिका एकमेकींपासून लांब जातात, तेव्हा मधली जागा विरळ होत जाणार. ती तशी होऊ द्यायची नसेल तर नवं द्रव्य यायलाच हवं.

किती यायला हवं, हे एकदा करून बघण्यासारखं आहे. हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, 70 किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक (हे अंतराचं एकक) धरा. विश्वातली कुठलीही मोठी जागा वर्षाला आपल्या आकारमानाच्या साधारण 4.7 अब्जाव्या हिश्श्याने वाढते. या सिद्धांताला लागणारी सरासरी घनता येते घनमीटरमागे साडेपाच हायड्रोजन अणूंइतकी. भागाकार केला की उत्तर मिळतं: दर घनमीटरमागे पाऊण ते एक अब्ज वर्षांत एक अणू. बस, एवढंच. जगातली कुठलीही प्रयोगशाळा हे पकडू शकणार नाही. त्यामुळे "द्रव्य असं निर्माण होताना कुणी पाहिलंय का" हा आक्षेप सुरुवातीपासूनच लंगडा होता. आपण ऊर्जेची अक्षय्यता जितक्या बारकाईने तपासली आहे, त्याच्या कितीतरी खाली हा आकडा येतो.

पण हॉईल तेवढ्यावर थांबला नाही. 1960च्या दशकात त्याने आणि जयंत नारळीकरांनी या निर्मितीला रीतसर गणित दिलं. त्यांनी एक नवं क्षेत्र मांडलं, त्याला सी-क्षेत्र म्हणतात. याची ऊर्जा ऋण असते. कण जन्माला येतो तेव्हा त्याची धन ऊर्जा आणि संवेग जेवढा, तेवढाच बदल सी-क्षेत्रात उलट दिशेने होतो. म्हणजे ज्या बिंदूवर कण जन्मला, त्याच बिंदूवर जमाखर्च जुळतो. शून्यातून काही येतच नाही. वर, ऋण ऊर्जेमुळे गुरुत्वाकर्षण अपकर्षक होतं आणि विश्वाचं प्रसरण का होतं याचंही उत्तर त्याच क्षेत्रातून मिळतं. हे वाचल्यावर "नियम मोडला" असं म्हणता येत नाही. क्षेत्र खरोखर आहे का, हा प्रश्न वेगळा.

मग सिद्धांत पडला कशाने? निरीक्षणांनी. मार्टिन राइल यांच्या गटाने केलेल्या रेडिओ स्रोतांच्या मोजणीत मंद, म्हणजे लांबचे, म्हणजे जुन्या काळातले स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. 1963 नंतर क्वेसार, म्हणजे दीर्घिकांची अतिशय तेजस्वी केंद्रं, सापडू लागले, तेही बहुतेक लांबच. आणि 1965 मध्ये पेंझियास आणि विल्सन यांना मिळालेलं, आकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मतरंग प्रारण जाहीर झालं. विश्व पूर्वी वेगळं होतं, हे या तिन्हींनी दाखवलं. ऊर्जेच्या नियमाचा यात काहीही संबंध नव्हता.

आता जिंकलेल्या सिद्धांताकडे वळू. पेंझियास-विल्सनना मिळालेलं जे प्रारण आहे, त्यातलाच एक फोटॉन घ्या. महास्फोटानंतर सुमारे 3,80,000 वर्षांनी तो मोकळा झाला, तेव्हा तापमान होतं सुमारे 3000 केल्व्हिन आणि त्याची तरंगलांबी होती साधारण 1 मायक्रोमीटर. आज तोच फोटॉन आपल्या अँटेनात शिरतो तेव्हा तरंगलांबी 1 मिलिमीटरच्या आसपास आणि तापमान 2.725 केल्व्हिन. म्हणजे त्याची ऊर्जा सुमारे 1100 पटींनी घटली. वाटेत तो कशावरही आपटला नाही, कुणी त्याला शोषलं नाही. एका घनसेंटिमीटरमध्ये असे सुमारे 411 फोटॉन आहेत, आणि प्रत्येकाची हीच गोष्ट.

ती ऊर्जा कुठे गेली?

---

शंकेखोर

चांगला विषय काढलात. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे असं मला वाटतं. वायू प्रसरण पावला की थंड होतो, कारण तो दट्ट्या ढकलण्याचं काम करतो. प्रारणालाही दाब असतो. त्याने विश्व ढकलण्याचं काम केलं आणि तेवढी ऊर्जा त्याची कमी झाली. नियम कुठे मोडला?

---

गणितवेडी

@शंकेखोर, तुमचं समीकरण बरोबर आहे, अर्थ मात्र अडखळतो. ऊर्जेतली घट म्हणजे दाब गुणिले आकारमानातली वाढ, हे विश्वाच्या कुठल्याही तुकड्याला लागू करा, प्रारणासाठी बरोबर उत्तर येतं. पण दट्ट्याच्या बाबतीत ऊर्जा दट्ट्याला मिळते, आणि दट्ट्या ढकलला जातो कारण आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. विश्वात शेजारच्या तुकड्यात दाब तेवढाच. त्याच्या शेजारच्यातही तेवढाच. दाबात फरक नाही, त्यामुळे कुणी कुणाला ढकलत नाही. सगळ्याच तुकड्यांची ऊर्जा एकाच वेळी कमी होते आणि ती स्वीकारायला बाहेर कुणी नाही.

खरी गोम एमी न्योथरच्या 1918 च्या प्रमेयात आहे. निसर्गाचे नियम काळाबरोबर बदलत नसतील, म्हणजे आज केलेला प्रयोग उद्या केला तरी मांडणी तीच राहत असेल, तर त्यातून एक राशी निघते जी कायम राहते. तिलाच आपण ऊर्जा म्हणतो. अक्षय्यता आकाशातून पडलेली नाही, ती काळाच्या सममितीतून येते. प्रसरणशील विश्वात ही सममितीच नाही, कारण ज्या अवकाशात सगळं घडतंय ते काल वेगळं होतं आणि उद्या वेगळं असेल. सममिती नाही म्हटल्यावर एकूण ऊर्जा कायम राहण्याची हमीही नाही.

हा इतिहासही मला फार आवडतो. आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत 1915 मध्ये आला तेव्हा गॉटिंगेनमध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन याच प्रश्नात अडकले होते, की या सिद्धांतात ऊर्जेचं काय होतं. त्यांनी न्योथरला कामाला लावलं. म्हणजे आज प्रत्येक भौतिकीच्या विद्यार्थ्याला शिकवलं जाणारं ते प्रमेय याच धाग्यातल्या प्रश्नातून जन्माला आलं आहे!

---

अभियंता

थोडा गोंधळलो. माझं सगळं काम ऊर्जेच्या हिशेबावर चालतं. टर्बाइनमध्ये आत किती, बाहेर किती, तोटा किती, हे जुळलं नाही तर आम्ही चूक शोधतो, नियमावर शंका घेत नाही. विश्वात तो लागू नसेल तर यंत्रात का लागू होतो? आणि दुसरं, तशी पळवाट असेल तर तिच्यातून फुकट ऊर्जा का काढता येत नाही?

---

गणितवेडी

कारण स्थानिक पातळीवर नियम शंभर टक्के शाबूत आहे. व्यापक सापेक्षतेची समीकरणंच अशी आहेत की कुठल्याही बिंदूच्या जवळपास ऊर्जा-संवेग ना निर्माण होतो ना नाहीसा होतो. हे वेगळं गृहीत धरावं लागत नाही, भूमितीतूनच आपोआप निघतं. तुमच्या टर्बाइनच्या आकारात आणि तुमच्या आयुष्याएवढ्या काळात अवकाश जवळजवळ सपाट आणि न बदलणारं आहे, त्यामुळे तिथे काळाची सममिती आहे आणि हिशेब जुळतोच.

अडचण येते ती हे सगळे स्थानिक हिशेब एकत्र करून "विश्वाची एकूण ऊर्जा" असा एक आकडा काढताना. वक्र अवकाशात लांब लांबच्या बिंदूंवरच्या ऊर्जा-संवेगांची बेरीज करण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. वेगवेगळ्या निर्देशांकांत वेगवेगळी उत्तरं येतात.

मात्र जी वस्तू एकाकी आहे, जिच्यापासून खूप लांब गेल्यावर अवकाश सपाट होतं, तिची एकूण ऊर्जा नीट सांगता येते. 14 सप्टेंबर 2015 ला लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेने जो गुरुत्वीय तरंग पकडला तो आठवा. सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाली आणि उरलं सुमारे 62 पट. कमी पडलेली 3 सौर वस्तुमानं तरंगांतून बाहेर गेली. इथे हिशेब जुळतो, आणि तोही गुरुत्वाकर्षण सगळ्यात प्रखर असतं अशा ठिकाणी.

---

उल्का

मी भौतिकीची नाही, पण वाचतेय. फोटॉन थकतो असं काही म्हणता येणार नाही का? म्हणजे इतक्या लांबच्या प्रवासात थोडी थोडी ऊर्जा गळत जाते वगैरे?

---

मृगशीर्ष

@उल्का, हा विचार 1929 मध्ये फ्रिट्झ झ्विकीने मांडला होता. पण तसं असेल तर प्रकाशाचा रंग बदलेल, घटनांचा वेग बदलणार नाही. प्रत्यक्षात लांबचे सुपरनोव्हा मंदावताना जास्त दिवस लागलेले दिसतात, आणि तेही ताम्रसृतीच्या, म्हणजे तरंगलांबी जितकी ताणली गेली त्याच्याच प्रमाणात. काळही तितकाच ताणला गेलेला दिसतो, म्हणजे कारण प्रसरणातच आहे.

"फोटॉनने ऊर्जा गमावली" हा शब्दप्रयोगही मी जरा सैल वापरला. ऊर्जा नेहमी कुणीतरी मोजलेली असते. फोटॉन सुटला तेव्हा ती मोजणारा एक, आज मोजणारा दुसरा, आणि दोघे एकमेकांपासून वेगाने लांब जाताहेत. धावत्या गाडीतून पाहिलं तर चेंडूची गतिज ऊर्जा वेगळी भरते, तिथे आपण ऊर्जा हरवली म्हणत नाही. इथेही तसंच. फरक इतकाच की विश्वात सगळ्यांना मान्य असा एक निरीक्षक निवडण्याची सोय नाही.

---

शंकेखोर

ठीक आहे, फोटॉनचं समजलं. पण मूळ मुद्द्यावर माझा आक्षेप कायम आहे. सी-क्षेत्राला ऋण ऊर्जा देऊन हिशेब जुळवणं म्हणजे जुळवाजुळवच झाली. तूट येईल तेवढी उधारी लिहायची. अशाने कुठलाही सिद्धांत "अक्षय्य" करता येईल.

---

गणितवेडी

आक्षेपात दम आहे, फक्त तो जरा वेगळ्या जागी लागतो. ऋण ऊर्जा हा शब्द ऐकून दचकायचं कारण नाही, न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणातही स्थितिज ऊर्जा ऋण असते. सी-क्षेत्राचा खरा रोग असा की त्याची गतिज ऊर्जाच ऋण आहे, आणि तिला खालची मर्यादा नाही. असं क्षेत्र क्वांटम सिद्धांतात घातलं की निर्वात स्थिर राहत नाही. एकीकडे धन ऊर्जेचे कण आणि दुसरीकडे ऋण ऊर्जेचे कण, असे दोन्ही मिळून अमर्याद तयार होऊ शकतात, आणि बेरीज शून्यच राहते. म्हणजे अक्षय्यता पाळूनही सगळं कोसळतं. शेवटी सी-क्षेत्राच्या मुळावर उठली ती ही अस्थिरता. नियमभंगाचा आरोप तिथे नव्हताच.

---

मृगशीर्ष

@गणितवेडी, अगदी हेच. आणि @शंकेखोर, आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर धागा काढला तिच्याकडे येतो.

1951 मध्ये विल्यम मॅक्रे यांनी दाखवलं की हॉईलला हवी असलेली निर्मिती आइन्स्टाइनच्या समीकरणांत बदल न करताही बसते. अट एकच: विश्व भरून असलेल्या माध्यमाचा दाब ऋण हवा, आणि नेमका ऊर्जाघनतेइतका. मग प्रसरणाबरोबर आकारमान वाढतं तेव्हा माध्यम काम करत नाही, त्याच्यावर काम होतं. त्याची ऊर्जा घटण्याऐवजी वाढते, आणि ती अशी वाढते की घनता जशीच्या तशी राहते.

हे वर्णन ओळखीचं वाटतंय ना? 1998 मध्ये सुपरनोव्हांवरून कळलं की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय, आणि त्यासाठी पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना 2011 चं नोबेल मिळालं. त्याचं सगळ्यात साधं स्पष्टीकरण म्हणजे निर्वाताची ऊर्जा, जिचा दाब ऋण आणि नेमका ऊर्जाघनतेइतका. मॅक्रेचंच समीकरण.

आता पहिल्या पोस्टमधला भागाकार पुन्हा करा. प्रसरणाला वेग देणारी ही ऊर्जा, जिला कृष्ण ऊर्जा म्हणतात, एकूण घनतेच्या सुमारे 70 टक्के, म्हणजे घनमीटरमागे जवळपास पावणेचार हायड्रोजन अणूंइतकी. जागा वर्षाला 4.7 अब्जाव्या हिश्श्याने वाढते आणि घनता तीच राहते. म्हणजे दर घनमीटरमागे साधारण सव्वा अब्ज वर्षांत एका अणूएवढी नवी ऊर्जा विश्वात येते आहे. हॉईलने ज्या दराने द्रव्य मागितलं होतं, जवळपास त्याच दराने! हॉईलला अणू हवे होते, इथे निर्वात मिळतो, हा फरक मोठा आहे आणि तो पुसायचा नाही. पण ज्या वाढीला 1950च्या दशकात लोक अशक्य म्हणत होते, ती आज मानक सिद्धांताच्या मधोमध बसली आहे आणि तिच्याविरुद्ध अक्षय्यतेचा नियम पुढे करणारा मला तरी कुणी दिसत नाही.

आणि केवळ निर्वातच नाही, द्रव्यसुद्धा. 1981 मध्ये ॲलन गुथ यांनी मांडलेल्या इन्फ्लेशनमध्ये विश्वाच्या आरंभी हीच ऋण दाबाची अवस्था होती. घनता तशीच ठेवून एक इवलासा प्रदेश प्रचंड पटींनी फुगला आणि ती अवस्था मोडली तेव्हा साठलेली ऊर्जा कणांत उतरली. आपण ज्या द्रव्याचे बनलो आहोत त्याचा उगम या चित्रात तिथेच आहे. द्रव्याची निर्मिती नाकारून महास्फोट जिंकला असं म्हणणं म्हणूनच चुकीचं. निर्मिती सतत होते की अगदी सुरुवातीला एकदाच झाली, वाद त्यावर होता.

---

उल्का

म्हणजे आत्ता माझ्या खोलीतही जागा वाढतेय आणि निर्वाताची ऊर्जा तयार होतेय?

---

गणितवेडी

नाही. खोली, पृथ्वी, सूर्यमाला, आपली आकाशगंगा, या सगळ्या विद्युत किंवा गुरुत्वीय बलांनी बांधलेल्या आहेत, त्या प्रसरणात भाग घेत नाहीत. निर्वाताची ऊर्जा खोलीत आहे, पण खोलीचं आकारमान तेच, त्यामुळे ऊर्जाही तेवढीच. @अभियंता, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच बरंचसं मिळतं. वाढ दिसते ती दीर्घिकांच्या समूहांमधल्या मोकळ्या पट्ट्यांत, आणि निर्वात सगळीकडे सारख्याच पातळीवर असल्याने तिच्यातून काम करून घेता येत नाही. काम मिळतं ते फरकातून.

---

अभियंता

हे पटलं. पाणी सगळीकडे एकाच पातळीवर असेल तर टर्बाइन फिरत नाही.

एक राहिलं. धन ऊर्जा आणि गुरुत्वाकर्षणाची ऋण ऊर्जा मिळून विश्वाची बेरीज शून्य होते, असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. तसं असेल तर हा वादच मिटतो ना?

---

मृगशीर्ष

ही कल्पना 1973 मध्ये एडवर्ड ट्रायन यांनी ठळकपणे मांडली. विश्व हा निर्वातातला एक क्वांटम चढउतार असू शकतो, आणि एकूण ऊर्जा शून्य असेल तर तो कितीही काळ टिकू शकतो. कल्पना देखणी आहे. बंदिस्त विश्वासाठी तिला काही आधारही आहे, कारण बंदिस्त विश्वाला "बाहेर" नसतं आणि तिथे एकूण ऊर्जा शून्यच धरावी लागते.

पण वाद मिटतो असं मी म्हणणार नाही. गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा अमुक बिंदूवर अमुक इतकी असं सांगता येत नाही, कारण मुक्तपणे पडणाऱ्या निरीक्षकाला आपल्याजवळचं गुरुत्वाकर्षण जाणवतच नाही. जे कुठे आहे हे सांगता येत नाही, त्याच्या नावावर उरलेली रक्कम टाकून बेरीज शून्य केली तर उत्तर प्रत्येक वेळी शून्यच येणार. मघाशी शंकेखोर यांनी सी-क्षेत्राबद्दल जो आक्षेप घेतला, तो खरा इथे जास्त लागू होतो.

---

शंकेखोर

मान्य. आता माझी बाजू थोडी बदलतो. कृष्ण ऊर्जा कायम नसून काळाबरोबर बदलते असे संकेत दीर्घिकांचा नकाशा करणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या 2024 आणि 2025 च्या निकालांतून मिळाल्याचं वाचलं. तसं निघालं तर तुमचा भागाकार कोसळेल का? घनताच कमी होत असेल तर नवी ऊर्जा कुठली?

---

गणितवेडी

संकेत आहेत, शोध म्हणण्याइतकी खात्री अजून नाही. पण खरं ठरलं तरी भागाकार फक्त सौम्य होतो, कोसळत नाही. दाब आणि ऊर्जाघनता यांचं गुणोत्तर उणे 1 असेल तर प्रसरणाबरोबर वाढणाऱ्या तुकड्यातली ऊर्जा आकारमानाच्याच प्रमाणात वाढते. ते उणे 0.8 निघालं तर घनता हळूहळू उतरते, पण तुकडा लांबी-रुंदी-उंचीने दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा 8 पटींऐवजी 5 पटींच्या थोडी वर जाते. दाब ऋण आहे तोवर ती वाढतच राहणार. गुणोत्तर शून्य असेल, म्हणजे साधं द्रव्य, तर ती स्थिर. धन असेल, म्हणजे प्रारण, तर घटणार. तिन्ही बाबतींत स्थानिक नियम तंतोतंत पाळला जातो.

हिशेब खरोखर बदलेल तो कृष्ण ऊर्जा आणि कृष्ण द्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) एकमेकांत रूपांतरित होत असतील तर. तशी प्रतिरूपं मांडली गेली आहेत. त्यांत एकाची घट ती दुसऱ्याची भर, आणि दीर्घिकांचे समूह किती वेगाने जमत गेले यावर त्याचा परिणाम दिसायला हवा. युक्लिड दुर्बीण 2023 पासून अवकाशात आहे, ती याच जमण्याचं मोजमाप करते आहे.